हृदय वाचवते ती व्यवस्था

१९६१ साली एडिंबरोतल्या डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात नवे औषध नव्हते की नवी शस्त्रक्रिया नव्हती. हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांना रुग्णालयभर विखरून ठेवू नका, एका कक्षात एकत्र ठेवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हृदयाचा आलेख सतत डोळ्यांसमोर राहील आणि ठोके बिघडताच घंटा वाजेल अशी सोय करा. हृदय थांबलेच तर डॉक्टरांची वाट पाहू नका. जवळ असलेल्या प्रशिक्षित परिचारिकेलाच उपचार सुरू करू द्या.

आज हे इतके साधे वाटते, की त्यात सांगण्यासारखे काय होते असा प्रश्न पडावा. पण तोवर अशा रुग्णाला शांतता मिळावी म्हणून वॉर्डाच्या कोपऱ्यात, पडद्याआड, कित्येक आठवडे झोपवून ठेवत. मृत्यू यायचा तो पुष्कळदा हृदयाची लय अचानक बिघडून, आणि तोही पहिल्या काही तासांत. छातीवरून विजेचा झटका देऊन बिघडलेली लय सुधारता येते हे पॉल झोल यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले होते. छातीवर दाब देऊन थांबलेले रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे १९६० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जगाला सांगितले होते. म्हणजे साधने हाताशी होती. त्या नेमक्या मिनिटाला ती वापरणारे माणूस मात्र रुग्णाजवळ नव्हते. ज्युलियन यांनी ते माणूस रुग्णाजवळ आणून उभे केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सस सिटीत आणि ऑस्ट्रेलियात सिडनीत असे कक्ष सुरू झाले. अटॅक घेऊन रुग्णालयात आलेल्या शंभरांतले सुमारे तीस रुग्ण तेव्हा दगावत. हे कक्ष रुळल्यावर ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

हृदयोपचारांच्या इतिहासाने हा धडा पुन्हा पुन्हा दिला आहे. एखादा निष्णात हृदयरोगतज्ज्ञ किंवा कोट्यवधींचे यंत्र आणले म्हणजे हृदयविभाग उभा राहिला, असे आपण मानतो. शहरांतल्या रुग्णालयांच्या जाहिरातीही तेच सांगतात. पण रुग्ण वाचतो तो कोणी, केव्हा, कोणाला विचारून आणि कोणाला न विचारता काय करायचे, हे आधी ठरलेले असते म्हणून. या ठरवण्याला व्यवस्था म्हणायचे, आणि ती औषधाइतकीच काळजीपूर्वक तयार करावी लागते.

गुठळी आणि घड्याळ

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचे थर साचतात. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि धमनी बंद होते. त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू लगेच मरत नाही. आतून बाहेर असा हळूहळू मरत जातो, आणि मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. धमनी पूर्ण बंद पडली की ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या आलेखात, एक विशिष्ट उंचवटा दिसतो. अशा अटॅकला डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. या लेखाचा रोख मुख्यतः त्याच्याकडे आहे, कारण तिथे प्रत्येक मिनिटाचा हिशोब द्यावा लागतो.

गुठळी औषधाने विरघळवता येते, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले ते इटलीतल्या डॉक्टरांनी. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘गिसी’ चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज हे औषध दिल्याने २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. त्यातही दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले आणि उशीर होईल तसतसा फायदा ओसरत गेला. दोन वर्षांनी ‘आयसिस-२’ या १७ हजारांवर रुग्णांच्या चाचणीने दाखवले, की साधी ॲस्पिरिनची गोळीसुद्धा मृत्यूचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी करते आणि स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीने दिली तर ४२ टक्क्यांनी. काही पैशांत मिळणारी ती गोळी सर्वात लहान आरोग्य केंद्रातही असते. मात्र ती वेळेवर रुग्णाच्या तोंडात जाईल याची काळजी कोणालातरी घ्यावी लागते.

पुढे अँजिओप्लास्टी आली. अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून पहिल्यांदा अडथळा दूर केला. ऐन अटॅकमध्ये, अनुभवी हातांनी आणि वेळेत केलेली अँजिओप्लास्टी औषधापेक्षा सरस ठरते, हे १९९० च्या दशकातल्या चाचण्यांनी दाखवले. पण इथे एक नवीच अडचण उभी राहिली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन एक परिचारिका देऊ शकते. अँजिओप्लास्टीला मात्र कॅथलॅब, म्हणजे धमनीत नळी घालून हे उपचार करण्याची खास खोली, उघडावी लागते, तंत्रज्ञ, परिचारिका आणि तज्ज्ञ यांना बोलवावे लागते, आणि अटॅक काही कार्यालयीन वेळ पाहून येत नाही.

नव्वद मिनिटांचे गणित

रुग्णाने रुग्णालयाच्या दारात पाऊल ठेवल्यापासून बंद धमनीत फुगा फुगेपर्यंत जो वेळ जातो त्याला डॉक्टर ‘डोअर टू बलून टाइम’ म्हणतात. तो ९० मिनिटांच्या आत असावा, असा अमेरिकेतला दंडक होता. २००५ च्या सुमारास तिथल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत तो पाळला जात नव्हता. तज्ज्ञ होते, कॅथलॅब होत्या, पैसाही होता. मग वेळ जात होता कुठे?

येल विद्यापीठातल्या एलिझाबेथ ब्रॅडली, हार्लन क्रुमहोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६५ रुग्णालयांची पाहणी करून याचे उत्तर शोधले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास रुग्णालय चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. नेहमीचा क्रम असा होता: अपघात विभागातल्या डॉक्टरांनी ईसीजी पाहायचा, हृदयरोगतज्ज्ञांना फोन करायचा, त्यांनी येऊन किंवा आलेख मागवून खात्री करायची, मग त्यांनी कॅथलॅबच्या माणसांना एकेक करून फोन लावायचे. प्रत्येक पायरीवर कोणीतरी कोणाच्या तरी होकाराची वाट पाहत होते. चूक कोणाचीच नव्हती आणि तरी अर्धा तास निघून जात होता.

वेगवान रुग्णालयांनी यातल्या पायऱ्याच काढून टाकल्या होत्या. अपघात विभागातल्या डॉक्टरांनाच कॅथलॅब सुरू करण्याचा अधिकार दिला, तिथे सरासरी ८ मिनिटे वाचत होती. अनेक फोनांऐवजी एकाच ठिकाणी एक फोन आणि तिथून सगळ्यांना एकदम निरोप, यात जवळपास १४ मिनिटे. रुग्ण अजून रुग्णवाहिकेतच असताना तिथला ईसीजी पाहून तयारी सुरू केली, तर १५ मिनिटे. बोलावणे गेल्यावर कॅथलॅबच्या माणसांनी २० मिनिटांत हजर व्हायचे असा नियम केला, तर १९ मिनिटे. हृदयरोगतज्ज्ञ चोवीस तास रुग्णालयातच असले, तर १४ ते १५ मिनिटे. आणि प्रत्येक रुग्णाला किती वेळ लागला हे अपघात विभागाला आणि कॅथलॅबला ताबडतोब कळवले, तर सुमारे ९ मिनिटे.

या यादीत एकही यंत्र नाही. सगळी यादी अधिकार, निरोप आणि विश्वास यांची आहे. ज्येष्ठ तज्ज्ञाने कनिष्ठ डॉक्टराच्या निर्णयावर विश्वास ठेवला तर वेळ वाचतो. कधी ईसीजी फसवा निघेल आणि मध्यरात्री सगळे विनाकारण धावत येतील. त्या वेळी कनिष्ठाला कोणी बोल लावणार नाही, ही हमीसुद्धा व्यवस्थेचाच भाग आहे. ती नसेल तर पुढच्या वेळी तो फोन करायला कचरेल आणि किंमत रुग्ण मोजेल.

पाहणीच्या वेळी या युक्त्या मोजक्याच रुग्णालयांत वापरात होत्या. मग अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीने २००६ मध्येच देशव्यापी मोहीम उघडली आणि शेकडो रुग्णालये तीत सामील झाली. २००५ मध्ये मध्यक वेळ ९६ मिनिटे होती, ती २०१० मध्ये ६४ मिनिटांवर आली. ९० मिनिटांच्या आत उपचार मिळालेले रुग्ण ४४ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले. एवढ्या मोठ्या देशात पाच वर्षांत घडलेला हा बदल वैद्यकात विरळा आहे.

आणि तरीही गोष्ट तिथे संपली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ९७ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात दिसले, की ही वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आली, पण रुग्णालयातल्या मृत्यूंचे प्रमाण ४.८ आणि ४.७ टक्के, म्हणजे होते तिथेच राहिले. यावर पुष्कळ वाद झाला. प्रत्येक रुग्णापुरते पाहिले तर कमी वेळ म्हणजे कमी धोका हे नाते टिकून होते; एकूण रुग्णवर्गच बदलत गेल्याने आकडा हलला नाही, असे नंतरच्या विश्लेषणाने सांगितले. पण एक गोष्ट सगळ्यांनाच मान्य झाली. रुग्णालयाचे घड्याळ दारापाशी सुरू होते, हृदयाचे घड्याळ मात्र घरात, शेतात किंवा बसमध्ये दुखायला लागले तेव्हाच सुरू झालेले असते. व्यवस्था त्या पहिल्या मिनिटापासून आखायला हवी.

भारतातली तीनशे मिनिटे

आपल्याकडे तर रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीचा हा उशीर हीच मुख्य गोष्ट आहे. ‘क्रिएट’ या नावाने भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या २० हजारांवर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि २००८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टेमीच्या रुग्णांना दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला लागलेला मध्यक वेळ होता ३०० मिनिटे. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मिळायला आणखी ५० मिनिटे. रुग्णवाहिकेतून आलेले रुग्ण शंभरांत पाच-सहाच होते. बाकीचे रिक्षाने, जीपने, मिळेल त्या वाहनाने आले होते.

ही ३०० मिनिटे कशी जातात हे आपल्याला घराघरांतून ठाऊक आहे. “गॅस झाला असेल” म्हणून ओवा-सोडा दिला जातो. मग गावातल्या डॉक्टरांकडे एक इंजेक्शन. तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कळते, की इथे ही सोय नाही, मोठ्या शहरात न्या. प्रत्येक मुक्कामावर नवा केसपेपर आणि पैशांची नवी जमवाजमव. बाईमाणसाच्या वाट्याला त्याहून अधिक उशीर येतो, कारण तिचे दुखणे अनेकदा छातीत न येता पाठीत, जबड्यात किंवा नुसत्या थकव्यात येते आणि ते सांगायला ती स्वतःच संकोचते.

‘क्रिएट’चा आणखी एक निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. महिन्याभरातले मृत्यू गरिबांमध्ये ८.२ टक्के होते, तर सधनांमध्ये ५.५ टक्के. हा फरक मिळालेल्या उपचारांतून आलेला होता. उपचारांतली तफावत हिशोबात धरली, तर मृत्यूंतला फरक उरत नव्हता. अँजिओप्लास्टी सधनांपैकी १५ टक्क्यांना मिळाली होती, गरिबांपैकी २ टक्क्यांना. गरिबाचे हृदय वेगळे नसते. त्याच्यापर्यंत पोहोचणारी व्यवस्था वेगळी असते, आणि व्यवस्था बदलता येते.

तामिळनाडूने घातलेला पायंडा

ती बदलून दाखवली तामिळनाडूने. कोइम्बतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर आणि चेन्नईचे डॉ. अजित मुल्लासरी यांच्या पुढाकाराने तिथे एक जाळे विणले गेले. मध्यभागी कॅथलॅब असलेले मोठे रुग्णालय आणि भोवती लहान रुग्णालये, असे त्याचे चार गट. भोवतालची रुग्णालये एकूण ३५. सरकारी आणि खासगी दोन्ही त्यात होती. लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांना तिथल्या तिथे दिसायचा. रुग्णांची ने-आण १०८ च्या रुग्णवाहिकांनी करायची. आणि खर्चाचा प्रश्न दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्याच्या विमा योजनेने सोडवायचा.

यातला सर्वात शहाणपणाचा निर्णय होता तो अमेरिकेचे गणित जसेच्या तसे न उचलण्याचा. ज्याला वेळेत कॅथलॅब गाठता येते त्याला थेट तिथे न्यायचे. ज्याला नाही, त्याला जवळच्या लहान रुग्णालयातच गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे आणि मग, घाईगर्दी न करता, साधारण दिवसभराच्या आत मोठ्या रुग्णालयात नेऊन अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांतला अडथळा दाखवणारी तपासणी, करायची. या मार्गाला भक्कम शास्त्रीय आधार आहे. तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या रुग्णांवर केलेल्या ‘स्ट्रीम’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन्ही मार्गांचे परिणाम तुल्यबळ ठरले होते. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

तामिळनाडूचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. २,४२० रुग्णांच्या नोंदी होत्या. अँजिओग्राफी झालेल्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर गेले. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे तीनहून अधिक जीव वाचले, आणि तेही मुख्यतः आधीच असलेली रुग्णालये, रुग्णवाहिका आणि विमा एका सूत्रात बांधून.

गोव्याने २०१८ मध्ये याच धर्तीवर प्रकल्प सुरू केला. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून, भोवतालच्या आरोग्य केंद्रांमध्ये ईसीजीची आणि गुठळी विरघळवणाऱ्या महागड्या इंजेक्शनची मोफत सोय केली. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानेही स्टेमी प्रकल्प हाती घेतला आहे. आपल्याकडे पाया पक्का आहे. १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २०१२ पासून हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टीचा खर्च उचलते आहे. पण सिरोंचा किंवा धडगावसारख्या दुर्गम तालुक्यांतून कॅथलॅब तासाभरात गाठता येत नाही, आणि प्रत्येक तालुक्यात ती उभी करणे कोणालाही शक्य नाही. तिथल्या माणसाचा जीव वाचणार आहे तो ग्रामीण रुग्णालयातल्या ईसीजीवर, फ्रिजमध्ये किंवा कपाटात ठेवलेल्या, मुदत न संपलेल्या इंजेक्शनवर आणि ते देण्याचा अधिकार व आत्मविश्वास असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर.

मोजणे आणि दाखवणे

व्यवस्था एकदा बसवली म्हणून चालत राहत नाही. तिच्यावर सतत नजर ठेवावी लागते. अमेरिकेत मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हर्माँट या छोट्या राज्यांतल्या हृदयशल्यचिकित्सकांनी १९८७ मध्ये एक गट स्थापन केला. पाच रुग्णालयांनी आपापल्या बायपास शस्त्रक्रियांचे आणि मृत्यूंचे आकडे एकमेकांसमोर ठेवले. १९९०-९१ मध्ये ते आणखी पुढे गेले. शल्यचिकित्सक, परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि हार्ट-लंग यंत्र चालवणारे तंत्रज्ञ असे सगळे मिळून एकमेकांच्या रुग्णालयात गेले आणि तिथे काम कसे चालते ते उभे राहून पाहिले. नंतरच्या काळात मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा २४ टक्क्यांनी कमी झाले. एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या माणसांनी आपले अपयश एकमेकांना दाखवण्याचे धैर्य केले, त्याचे हे फळ होते.

केरळमध्ये ६३ रुग्णालयांत आणि २१ हजारांवर रुग्णांमध्ये असाच एक मोठा प्रयोग झाला. दाखल करताना आणि घरी सोडताना भरायच्या तपासणी-याद्या, नियमित आकडेवारी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि रुग्णशिक्षण, असा संच त्यात होता. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. महिन्याभरातल्या गंभीर घटना ६.४ टक्क्यांऐवजी ५.३ टक्के दिसल्या, पण काळाचा आणि इतर घटकांचा हिशोब केल्यावर तो फरक निश्चितपणे या संचामुळे झाला असे म्हणता आले नाही. हा निष्कर्ष निराश करणारा नाही. नुसत्या याद्या वाटून भागत नाही, मूळ अडथळा कुठे आहे ते त्या त्या ठिकाणी शोधावे लागते, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. शिवाय बरीच रुग्णालये आधीपासूनच चांगले काम करत असतील, तर उरलेली सुधारणा अवघड असते.

धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवून रुग्ण घरी गेला की हृदयविभागाचे काम संपले, असे समजणे हीदेखील मोठी चूक आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्या तर स्टेंट पुन्हा बंद होऊ शकतो. तंबाखू सुटली नाही, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहिली नाही, तर दुसरा अटॅक दबा धरून असतोच. म्हणून डिस्चार्ज कार्डावर कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस हे रुग्णाच्या भाषेत लिहिणे, पुढच्या भेटीची तारीख देणे, न आल्यास फोन करणे आणि हळूहळू चालण्या-फिरण्याचा कार्यक्रम आखून देणे, हे सारे उपचारच आहेत. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. एक प्रशिक्षित परिचारिका आणि एक नोंदवही पुरते.

आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णालयाकडून काय मागायचे, हे यातून स्पष्ट होते. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत होतो का? तो वाचायला रात्री तीन वाजता कोण आहे? स्टेमी ठरल्यावर इंजेक्शन मिळायला किती मिनिटे लागतात? पुढे पाठवायचे तर कोणत्या रुग्णालयात, कोणाला एक फोन करून, आणि तिथे खाट तयार असेल का? मागच्या महिन्यातल्या प्रत्येक रुग्णाच्या या वेळा कुठे लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या कोण वाचतो? प्रत्येक सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठका होतात, आणि लोकप्रतिनिधी तिथे बसतात. हे पाच प्रश्न त्या बैठकीत विचारता येतात. त्यांची उत्तरे दर महिन्याला फलकावर लागू लागली, तर नवी इमारत किंवा नवे यंत्र येण्याची वाट न पाहताही त्या जिल्ह्यातले हृदयोपचार सुधारू लागतील.